येवल्याच्या गच्च्या आणि खालची खोली

लग्नकार्यात कोणी विचारलं, तुम्ही काय करत होता, तर मी "मोबाइल कंपनीत" एवढंच सांगते आणि विषय साड्यांवर नेते. कारण पुढचं वाक्य मला पाठ आहे. "अहो, मग आमच्या स्वयंपाकघरात रेंज का येत नाही?" असं म्हणून समोरचा माणूस खिशातून फोन काढतो आणि डॉक्टरपुढे जीभ काढावी तसा माझ्यापुढे धरतो.

टॉवर उभे करणारे वेगळे आणि सिमकार्ड विकणारे वेगळे. टॉवरवरच्या अँटेनातून निघणाऱ्या लहरी कुणाकडे जाव्यात, किती जाव्यात आणि कुणाच्या आधी कुणाला मिळाव्यात, याचे नियम बसवणं हे माझं काम होतं. नाशिकच्या ऑफिसात बसून जिल्हाभरच्या टॉवरवर मी हे करत असे. पूर्वीचा अँटेना अंगणातल्या दिव्यासारखा होता. लावला की चहूकडे सारखाच उजेड. आताचा अँटेना बॅटरीसारखा झोत टाकतो. त्या झोताला आम्ही बीम म्हणतो. तो पातळ करता येतो, रुंद करता येतो, खाली रस्त्यावर टाकता येतो, वर दहाव्या मजल्यावर नेता येतो. एक अँटेना असे पुष्कळ झोत टाकू शकतो, पण एका क्षणी त्यातले थोडेच. म्हणून पाळी लावावी लागते.

माझे वडील मखमलाबादला भाजीपाला करायचे. त्यांना एकदा मी हे सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तू दारं धरतेस." शेतात पाणी भरताना पाट एकच असतो. एका वाफ्याचं तोंड उघडायचं, तो भिजला की मातीनं बुजवायचं, पुढच्याचं उघडायचं. त्याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. वडील पुढे म्हणाले, "फक्त तुझे वाफे चालते-फिरते आहेत." याहून चांगली व्याख्या मला एकाही प्रशिक्षणात मिळाली नाही.

ही दारं अर्थात मी हातानं उघडत नसे. डोळ्याची पापणी लवायच्या आत यंत्र ती शेकडो वेळा उघडतं आणि मिटतं. पण कुणाला आधी, हे यंत्राला माणूस सांगतो. ग्राहक भांडायला आला की आम्ही म्हणायचो, "सर, हे सिस्टिम ठरवते." वाक्य खोटं नव्हतं, पण लबाड होतं.

ग्राहकही एकेक नमुने भेटले. ओझरचे एक निवृत्त गृहस्थ होते. नवा अँटेना झोत टाकतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि तो झोत माझ्या पलंगावरून जाणार नाही असं लिहून द्या, म्हणून ते आमच्या मागे लागले. मी घरी जाऊन यंत्रावर मोजून दाखवलं, तरी पटेना. शेवटी त्यांनी पलंगच मागच्या खोलीत नेला. पुढच्या आठवड्यात त्यांची नवी तक्रार आली: पलंगावर पडल्या पडल्या फोन लागत नाही. देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्यातल्या बाई तर फक्त स्टुलावर उभं राहूनच बोलू शकत. त्यांनी त्या स्टुलाची पाहुण्यांना दाखवायची वस्तू करून टाकली होती. मी झोत जरासा वळवून दिला, तेव्हा त्या थोड्या नाराजच झाल्या.

असंच लिहीत गेले तर लेख हसतखेळत पुरा होईल. पण नोकरीतलं सगळ्यात ठळक काय आठवतं, असं मी स्वतःला विचारते, तेव्हा येवलं आठवतं आणि कानशिलं गरम होतात. ते लिहिणं भाग आहे. त्यातल्या माणसांची नावं बदलली आहेत. लिहू का, म्हणून मी आधी विचारलं होतं. "लिहा, पण रडकं लिहू नका," असा निरोप आला.

येवल्यात संक्रांत तीन दिवस चालते. भोगी, संक्रांत आणि कर. हे तीन दिवस गाव गच्चीवर राहतं. जेवण वर, पाहुणे वर, हलगी वर, डीजे वर. मांजा गुंडाळायला तिथे फिरकी नसते, बांबूची आसारी असते. ती एकाच्या हातात, पतंगाची दोरी दुसऱ्याच्या हातात आणि उरलेल्या सगळ्यांच्या हातात फोन. काटाकाटी दुबईतल्या भावाला दाखवायची असते, पुण्यातल्या मुलीला दाखवायची असते. आदल्या वर्षी या तीन दिवसांत आमचं नेटवर्क साफ झोपलं होतं. एरवी माणसं घरात आणि रस्त्यावर असतात म्हणून आमचे झोत खाली वळवलेले, आणि माणसं सगळी वर. त्यातून एवढे व्हिडिओ एकदम चढायला लागल्यावर साधा फोनही लागेना. आमच्या तिथल्या दुकानदाराला लोकांनी दिवसभर फैलावर घेतलं. म्हणून त्या वर्षी येवल्याची संक्रांत खास माझ्यावर सोपवली.

मी दोन गोष्टी केल्या. पहिली, त्या तीन दिवसांपुरते झोत उचलून गच्च्यांवर नेले. दुसरी, पाळीचा नियम बदलला. बोलण्याच्या कॉलला पहिला मान. फोनमधून वर चढणाऱ्या व्हिडिओला, फोटोला जे उरेल ते. आधीच्या बैठकीत आमच्यातल्या एकानं विचारलं होतं, "व्हिडिओ फार अडकले तर लोक ओरडतील ना?" त्यावर मी म्हणाले होते, "सिनेमा अडकला म्हणून कोणी मरत नाही. फोन लागला नाही तर मरतं." सगळे हसले. आमचे साहेब, रणदिवे, यांनी ते वाक्य पुढे दोन-तीन ठिकाणी माझ्या नावानं वापरलं. मला बरं वाटलं होतं.

संक्रांतीच्या दिवशी मी स्वतः येवल्यात होते, एका लॉजच्या गच्चीवर, लॅपटॉप मांडीवर घेऊन. आकाश दिसत नव्हतं इतके पतंग. माझ्या पडद्यावर सगळं हिरवं. हिरवं म्हणजे उत्तम. तिळाची वडी खात मी रणदिवे साहेबांना फोन केला, तो एका फटक्यात लागला. "एवढ्या गोंगाटातून बोलतेयस तू?" ते म्हणाले. "गोंगाट सोडा, आवाज ऐका," मी म्हणाले. नोकरीत फार थोड्या वेळा असं वाटतं, की आपण काहीतरी नीट केलं. तो दिवस तसा गेला.

नंतर ऑफिसात छोटासा सत्कार झाला. एका स्थानिक पेपरात माझा फोटो आला. खाली लिहिलं होतं, येवल्यात तीन दिवस एकही कॉल तुटला नाही.

तो पेपर घेऊन एक जण ऑफिसात आला. तिशीतला, गळ्यात मोजायची टेप तशीच राहिलेली. नाव कैलास. देवळाली कॅम्पच्या बाजारात त्याचं शिलाईचं दुकान, जवानांचे गणवेश शिवायचा. माझं कौतुक करायला आला असेल असं समजून मी त्याला खुर्ची दिली.

"मॅडम, ह्यो फोटो तुमचाच ना?"

"हो."

"एकबी कॉल तुटला नाय, असं लिहिलंय."

"हो, तीन दिवस."

"आमचा तुटला."

मी त्याचा नंबर घेऊन यंत्रावर पाहिलं. संक्रांतीच्या दिवशी त्यानं येवल्याला केलेले बोलण्याचे कॉल नीट लागलेले दिसत होते. मी पडदा त्याच्याकडे वळवला. "हे बघा, लागलेत की तुमचे."

"ते शेजाऱ्याला केलेले, मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "माझे सासरे ऐकत नाय, बोलत नाय. बायकोबी तशीच. त्यांचं बोलणं हातांचं. ते व्हिडिओ बघायला कॉल नाय करत. बोलायला करतेत."

तो पुढे सांगत होता, पण मला पुढचं कळून चुकलं होतं. पडदा परत माझ्याकडे वळवावा हेही सुचेना.

त्याचे सासरे निवृत्तीकाका येवल्यात पैठणी विणतात. जन्मापासून बहिरे. शाळेत कोणी घातलं नाही, म्हणून लिहिता-वाचता येत नाही. त्यांच्या घरात हातांची एक भाषा आपोआप तयार झालेली. रेखा, त्यांची एकुलती मुलगी, बहिऱ्यांच्या शाळेत गेली, तिला तिथली भाषा आली, पण बापाशी ती घरच्याच खुणांनी बोलते. काकांची बायको ऐकणारी होती, बाहेरच्या जगाशी तीच बोलायची. ती काही वर्षांपूर्वी गेली. रेखा लग्न होऊन कॅम्पात आली आणि काका एकटे राहिले. रोज संध्याकाळी बाप-लेक फोन समोर ठेवून हातांनी बोलत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी बाईमाणूस नाही म्हणून कॅम्पातच ठेवलं. काका करीनंतर येणार होते. पोट संक्रांतीलाच दुखायला लागलं.

बाळंतपण अवघड गेलं. रेखाला खूप रक्त गेलं, पण दुपारी मुलगी झाली, दोघी वाचल्या. कैलासला रडू आवरत नव्हतं. त्यानं तशातच काकांना व्हिडिओ कॉल लावला. काका मागाच्या खोलीत होते. खोली तळमजल्यावर, रस्त्याहून थोडी खाली, आणि आमचे झोत वर गच्च्यांवर. जो काही क्षीण धागा खाली पोचत होता, त्यावर व्हिडिओची पाळी सगळ्यात शेवटची. आधी काकांना कैलासचा रडवेला चेहरा दिसला. मग कैलासनं फोन रेखाकडे वळवला. रेखानं खूण केली: बाळ झोपलंय. डोळे मिटून, मान कलती करून, गाल तळहातावर टेकून. चित्र तिथेच थांबलं. पांढरी उशी, रक्त गेलेला चेहरा, मिटलेले डोळे, कललेली मान. ते तसंच राहिलं, आणि मग कॉल बंद पडला.

कैलासनं पुन्हा पुन्हा लावला. बाळाचा फोटो पाठवला, तो चढेना. मग काकांच्या शेजाऱ्याला साधा फोन केला. तो लगेच लागला. लागणारच. शेजारी गच्चीवर हलगीशेजारी उभा. "काकांना सांगा, मुलगी झाली!" कैलास ओरडला. शेजाऱ्याला फक्त कैलासचा आवाज ओळखू आला. "हो हो, तीळगूळ घ्या, गोड गोड बोला," म्हणून त्यानं ठेवून दिला. पुन्हा लावला तरी तेच.

"सासरे गच्चीवर गेले होते," कैलास म्हणाला. "लोकांना हातानं सांगत होते, माझ्या पोरीला फोन लावा. लोकांना वाटलं, म्हातारा नाचतोय. एकानं त्यांच्या हातात आसारी दिली."

काकांनी आसारी खाली ठेवली आणि ते घरी आले. सवाष्ण बाई गेली तर माहेराहून हिरवी साडी न्यावी लागते. काकांनी ट्रंकेतून बायकोची हिरवी पैठणी काढली. त्यांनीच विणलेली, तिच्या लग्नातली. ती पिशवीत घातली आणि नाशिकच्या एसटीत बसले. तिथून कॅम्पाची दुसरी बस.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या दारात कैलासला ते दिसले. साडी पिशवीतून काढून दोन्ही हातांवर आडवी धरलेली. कैलासला एका नजरेत सगळं समजलं. त्यानं धावत जाऊन त्यांना खूण केली, बरी आहे, बरी आहे, पण काकांचे हात साडीत अडकलेले. ते तसेच आत गेले. रेखा बसलेली, मांडीवर बाळ. बापाच्या हातात आईची पैठणी पाहून तिचा चेहरा फुलला. नातीसाठी, लेकीसाठी बाप एवढ्या लांबून आईची साडी घेऊन आलाय, असं तिला वाटलं. काकांनी ती तिच्या अंगावर घातली. दुसरं काय करणार?

"बारशाला तीच नेसली ती," कैलास म्हणाला. "सासरे सगळा वेळ बाहेर ओट्यावर बसून होते. मला त्यांनी सांगितलं, तिला नाय सांगितलं. तुम्हीबी कोणाला सांगू नका. मी भांडायला नाय आलो, मॅडम. पेपरात असं छापलं म्हनून आलो. ते खोटं हाय, एवढंच."

त्यानं चहा घेतला नाही. टेप गळ्यातून काढून खिशात ठेवली आणि गेला.

मी रणदिवे साहेबांकडे गेले. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "असे किती ग्राहक असतील?"

"माहीत नाही. आपण मोजत नाही."

"मग मी वर काय सांगू? एका माणसासाठी नियम बदला म्हणून?"

"नियम करतानाही आपण कोणाला विचारलं नव्हतं, सर."

"हे बघ, एकदा नीट माहिती घे. त्याला काय दिसलं, किती वेळ अडकलं, सिग्नल किती होता. माहितीशिवाय मला काही करता येणार नाही."

बरोबरच होतं ते. आणि माहिती घ्यायला जाण्यातही माझा थोडा स्वार्थ होता. कुठेतरी वाटत होतं, की त्यांचा फोनच जुना निघेल, किंवा भिंत जाड निघेल, आणि माझ्याकडचं ओझं थोडं हलकं होईल.

फोन जुना नव्हता. रेखा बाळाला घेऊन काही दिवस माहेरी आली होती आणि कैलास त्यांना न्यायला आला होता, त्या दिवशी मी येवल्याला गेले. मागाची खोली स्वच्छ, थंड. मागावर निम्मी साडी, पदरावर मोरांची रांग. काका बारीक अंगाचे, डोळे फार तल्लख. त्यांनी मला पाट दिला, पाणी दिलं. कैलासनं हातांनी माझी ओळख काय करून दिली कोण जाणे, पण काकांनी हात जोडले. रेखा आत बाळाला झोपवत होती.

मी माझं मोजायचं यंत्र काढलं. सिग्नल त्या दिवशी चांगला होता, कारण झोत पुन्हा खाली आलेले. मग मी कैलासला म्हणाले, "त्यांना विचारा ना, त्या दिवशी पडद्यावर नेमकं काय दिसलं? क्रमानं सांगायला सांगा."

कैलासनं माझ्याकडे पाहिलं. "राहू द्या ना, मॅडम."

"रिपोर्टला लागेल," मी म्हणाले.

त्यानं विचारलं. काकांचे हात हलायला लागले. मला ती भाषा येत नव्हती, तरी सगळं समजत होतं. कैलासचा रडका चेहरा. मग मिटलेले डोळे, कललेली मान. मग ते स्वतः: छातीवर हात. गच्ची, हलगी, हातात दिलेली आसारी. ट्रंक उघडली. साडी. बसच्या खिडकीला टेकलेलं डोकं. दोन्ही हात आडवे करून चालत येणं.

माझं लक्ष त्यांच्या हातांकडे होतं. कैलासनं माझा दंड धरला तेव्हा मी मागे पाहिलं. आतल्या दारात रेखा उभी होती. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. हातांनी बोललेलं कुजबुजता येत नाही, आणि दुसऱ्या खोलीत असलं म्हणून ऐकू येत नाही असंही नसतं. नुसतं दिसलं की झालं. एवढी साधी गोष्ट मला आधी सुचायला हवी होती.

रेखा पुढे आली आणि तिनं बापाच्या खांद्यावर जोरात फटका मारला. मग आणखी एक. काका मान खाली घालून बसले. बहिऱ्या माणसानं मान खाली घातली की त्याचं ऐकणं बंद होतं, म्हणून तिनं त्यांची हनुवटी धरून वर केली आणि हातांनी बोलायला लागली. फार वेळ बोलली. तिच्या बांगड्यांचा आवाज तेवढा खोलीत होता, आणि तो ऐकणारे आम्ही दोघेच.

मी कैलासला हळूच विचारलं, "काय म्हणतेय?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते तुमच्यासाठी नाय, मॅडम."

मी यंत्र पिशवीत ठेवलं. निघताना रेखानं मला दारात थांबवलं. या वेळी तिनं कैलासला बोलवलं आणि त्याला सांगायला लावलं. "ती विचारतीये, आमचं बोलणं आणि बाकीच्यांचा व्हिडिओ, यातला फरक तुमच्या मशीनला कळत नाय का?"

मी म्हणाले, "कळू शकतो."

खरं उत्तर तेच होतं. माझ्या शरमेचं मूळ तिथेच आहे. समोरासमोरच्या व्हिडिओ कॉलसाठी वेगळी पाळी ठेवता येते. कंपनीच्या स्वतःच्या व्हिडिओ कॉलवर बोललं, तर यंत्र ते बोलणं म्हणून ओळखतं आणि गर्दीतही त्याला जागा राखतं. ज्यांनी हे तंत्र घडवलं त्यांनी ही सोय आधीच करून ठेवली होती. आमच्याकडे ती बंद होती, कारण कोणी वापरत नाही, असा शेरा होता. वापरत नाही कारण बंद, आणि बंद कारण वापरत नाही. तो शेरा माझा नव्हता, पण दर वर्षी त्याखाली मी सही करत होते.

ती सोय सुरू करायला मला जवळजवळ पुढची संक्रांत गाठावी लागली. मंजुऱ्या मागत फिरले. मुंबईच्या बैठकीत एक तरुण अधिकारी म्हणाला, "मॅडम, भावनिक मुद्दा आहे, पण डेटा कुठे आहे?" मी म्हणाले, "डेटा अडकला होता, म्हणून तर आले." कोणी हसलं नाही. ते वाक्य मी आधीच तयार करून नेलं होतं, याचीही नंतर लाज वाटली. शेवटी रणदिवे साहेबांनी आपल्या अखत्यारीत येवलं आणि देवळाली कॅम्प एवढ्यापुरतं ते चालू करून दिलं. "चाचणी" असं नाव देऊन.

त्या संक्रांतीला सगळे झोत मी वर नेले नाहीत. काही खाली गल्ल्यांवर ठेवले. परिणाम व्हायचा तो झाला. दुपारच्या ऐन काटाकाटीत गच्च्यांवरचे फोन तुटायला लागले. एका पुढाऱ्याच्या पाहुण्यांना व्हिडिओ दाखवता आला नाही, त्याचा फोन थेट मुंबईला गेला. माझा पडदा जागोजागी लाल झाला. मी या वेळी लॉजवर नव्हते. निवृत्तीकाकांच्या खोलीत, मागाच्या कडेला बसले होते. कॅम्पातून रेखाचा कॉल आला, आता कंपनीच्या स्वतःच्या व्हिडिओ कॉलवरून. चित्र आलं, थोडं अडखळलं, पुन्हा चाललं. नातीला वर्ष झालं होतं, तिनं फोन तोंडात घातला. काका हसले. पाट एकच, वाफे तेवढेच. कुणाचं तरी तोंड बुजवल्याशिवाय दुसऱ्याचं उघडत नाही, आणि त्या दिवशी मी गच्चीवरच्यांचं बुजवलं होतं. त्यांच्यात कोणाचा महत्त्वाचा फोन असेल का, हे मला माहीत नव्हतं. आजही नाही.

त्या वर्षीचा माझा अहवाल वाईट गेला. पुढे काही महिन्यांनी मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्यामुळे घेतली असं म्हणायला शोभेल, पण गुडघे आणि कंटाळा हीही कारणं होती. निरोपाच्या समारंभात पडद्यावर माझे फोटो दाखवले. त्यात एक फोटो काकांच्या मागाशेजारचा होता, मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवलेला. खाली लिहिलं होतं, "प्रत्येक ग्राहकाचा आवाज ऐकणारी". टाळ्या झाल्या. मी उठून सांगायला हवं होतं, की हा आवाज मी ऐकलेला नाही, बंद केलेला आहे, आणि चालू झाला तोही दोनच गावांत. जिल्ह्यातल्या बाकी गावांत, देशातल्या बाकी गावांत असे किती निवृत्तीकाका असतील, ते कोणी मोजलेलं नाही. पण पुष्पगुच्छ हातात होता, सगळे उभे राहिले होते. मी नमस्कार केला आणि बसले.

परवा कॅम्पात गेले होते. बाजारातून जाताना कैलासच्या दुकानात डोकावले. तो मशीनवर होता, रेखा काज करत बसली होती. तिची मुलगी आता तोंडानंही बोलते आणि हातांनीही. मला पाहताच तिनं आईला खूण केली. कपाळावर हात आडवा धरला आणि मान वर करून छताकडे पाहिलं.

"ही काय म्हणाली?" मी विचारलं.

कैलासनं मशीन थांबवलं. जरा ओशाळला. "तुमचं नाव हाय ते. बहिऱ्या माणसांत प्रत्येकाला खुणेचं नाव असतंय. तुमचं बाबांनी, माझ्या सासऱ्यांनी ठेवलंय."

"म्हणजे काय?"

"वर बघणारी." त्यानं मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "तुम्ही पहिल्यांदा येवल्याला घरी आल्या ना, तर आत आल्या आल्या आधी छताकडं बघितलं. पत्रा हाय का स्लॅब, ते. बाबा समोर हात जोडून उभे होते. त्यांच्याकडं नंतर बघितलं."

मला ते आठवत नव्हतं. पण मी तसंच केलं असणार. कुठल्याही खोलीत शिरले की मी आधी तेच करते.

"नाव बदलता येतं का?" मी विचारलं. मला वाटलं, मी ते हसत विचारतेय.

कैलासनं रेखाला विचारलं. रेखानं सुई थांबवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. नाही. मग तिनं समोरच्या टपरीवाल्याला हात वर करून चहाची खूण केली, आणि पाटावरचे कपडे उचलून मला बसायला जागा करून दिली.